बीएस्सी झाली, नोकरी नाही: गोव्यात पहिलं वर्ष कसं काढायचं

निकाल हातात आला की आधी मामलेदार कचेरी गाठा. बायोडेटा नंतर. गोव्यातल्या सरकारी पदाच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड मागतात, आणि ही दोन्ही कागदपत्रं जाहिरात निघाल्यावर करायला गेलात तर अर्जाची मुदत रांगेतच संपते. दोन्ही करून ठेवा, झेरॉक्स काढा, स्कॅन मोबाइलमध्ये ठेवा. "कोंकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे इष्ट" ही ओळही जाहिरातीत असतेच. आम्ही सत्तरी तालुक्यातली माणसं घरी कोंकणी बोलतो आणि पेपर मराठी वाचतो, त्यामुळे बोलण्यात अडत नाही. देवनागरी कोंकणी वाचायची सवय तेवढी करून घ्या.

एवढं झालं की सरकारी नोकरीला आठवड्यातली एक सकाळ द्या, त्याहून जास्त नको. क वर्गातल्या पदांची भरती आता गोवा कर्मचारी निवड आयोगाकडून संगणकावरच्या परीक्षेने होते. आयोगाची वेबसाइट बघायची, बसत असेल तिथे अर्ज टाकायचा, जुने प्रश्न सोडवायचे आणि लॅपटॉप मिटायचा. माझ्या वर्गातली काही मुलं अजून "ऑर्डर येणार" म्हणून घरी बसून आहेत.

हे बसणं आळसाचं नव्हे, हेही सांगते. आमच्या घरी खाणीवर चालणारा ट्रक होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांच्या लिजांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. असा ट्रक ज्याने बघितलाय त्याला पगार सरकारीच हवा असतो. त्यात २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के असताना गोव्याचा ८.५ होता. म्हणजे नोकरी मिळत नाही ते तुमच्या मार्कांमुळेच, असं मानायचं कारण नाही.

याच भीतीवर दलाल जगतात. "म्हजो मनीस आसा, इतले दी, काम जातलें" (माझा माणूस आहे, इतके दे, काम होईल) असं म्हणणारा तुम्हालाही भेटेल. बहुतेक वेळा तो ओळखीतलाच निघतो. २०२४ मध्ये नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारींवरून गोव्यात किती अटका झाल्या ते आपण सगळ्यांनी वाचलंय. दोन गोष्टी घरच्यांना शांतपणे सांगा. एक, या पैशांची पावती नसते. दोन, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हासुद्धा गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. बाबा दागिने मोडायचं बोलू लागले की हे दुसरं वाक्य कामाला येतं.

आता खासगीकडे. मी रसायनशास्त्राची, त्यामुळे माझा रस्ता वेर्ण्याच्या औषध कंपन्यांचा. कॉमर्सवाल्यांनी कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांतल्या अकाउंट्समध्ये बघावं. फ्रेशरला वॉक-इनमध्ये सगळीकडे एकच भिंत लागते: "अनुभव किती?" ती ओलांडायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे पदवीधर अ‍ॅप्रेंटिस. राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करायची, वर्षभराचं प्रशिक्षण असतं आणि किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, पुढे कायम करतीलच असंही नाही. पण प्रमाणपत्रावर वर्ष लागतं. हे आधीच करा, कारण एका वर्षाचा नोकरीचा अनुभव जमा झाला की मग अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेत नाहीत.

मुलाखतीच्या आदल्या रात्री इंटरनेटवरची "टॉप प्रश्नोत्तरं" वाचू नका, कॉलेजचं प्रॅक्टिकल जर्नल काढा. क्वालिटी कंट्रोलला विचारतात ते तिथलंच: मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीत फरक काय, पीएच मीटर कॅलिब्रेट करताना कुठले बफर घेता, रिव्हर्स फेज एचपीएलसीत (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कॉलम पोलर की नॉनपोलर. बायोडेटात "एचपीएलसी येतं" लिहिलं असेल आणि कॉलेजात ते यंत्र नुसतं काचेतून बघितलं असेल, तर "डेमॉन्स्ट्रेशन बघितलंय" असं लिहा. समोरचा दुसऱ्याच प्रश्नात ओळखतो. वाळपईसारख्या ठिकाणाहून येणार असाल तर कंपनीची बस कुठून सुटते आणि रात्रपाळीला घरापर्यंत सोडते का, हे तिथेच विचारा. फोंड्याला गाडी बदलून रोज वेर्णा करणं म्हणजे जागेपणीचा सगळा वेळ रस्त्यावर.

पगाराचा आकडा ऐकून घरी फोन लावू नका, आधी कागदावर मांडा. समजा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २०,०००, आणि त्यातला बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,०००. कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा, १,४४० रुपये, बहुतेक याच वीस हजारांत धरलेला असतो. ईएसआयचा कंपनीचा सव्वातीन टक्केही त्यातच. उरतात साधारण १७,९७५. त्यातून तुमचा पीएफ १,४४० आणि ईएसआयचे १३५ जातात. हातात १६,४००. कँटीन आणि बसचे कापले तर अजून कमी. म्हणून एचआरला "सीटीसी किती" विचारण्यापेक्षा "हातात किती" विचारा. त्यात लाजायचं काही नाही.

हॉटेल किंवा मोपा विमानतळावरचं काम मिळत असेल तर एकच प्रश्न: पावसाळ्यात, सीझन संपल्यावर, पगार चालू राहतो का?

चवथीला नातेवाईक येणार आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या सजावटीखाली) बसून "आतां कितें करता?" विचारणार. "वेर्ण्याला बघतेय" एवढं पुरतं. मावशी आणखी खोलात गेली तर तिला करंज्या तळायला मदत लागते का ते विचारा.

पहिली नोकरी बहुधा कंत्राटदाराकडूनच मिळेल. नेमणूक पत्र लेखी घ्या. पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) पहिल्या महिन्यातच मागून घ्या आणि मोबाइलवर चालू करून दर महिन्याला पैसे भरले जातायत का बघा. पगारातून कापतात आणि भरत नाहीत, असले कंत्राटदारही आहेत. कंत्राटदार बदलला, काम तेच राहिलं, तरी नवा यूएएन काढू द्यायचा नाही, जुनाच द्यायचा. आणि जुना कंत्राटदार गाशा गुंडाळण्याआधी त्याच्या लेटरहेडवर, तारखांसकट, अनुभवाचा दाखला घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.