इलेक्ट्रॉनिक शटर कुठे चालतं, कुठे फसतं: बॉडी घेण्याआधी करून बघायच्या चाचण्या

‘इलेक्ट्रॉनिक शटर १/३२०००’ असं कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वाचलं की बरेच जण निर्धास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर म्हणजे पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचून काढलेला फोटो; यांत्रिक शटरमध्ये खरोखरचा पडदा सरकतो. आकडा खोटा नसतो, पण सेन्सरच्या एका ओळीवर प्रकाश किती वेळ पडतो एवढंच तो सांगतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा सेन्सर वाचून व्हायला किती वेळ लागतो, हा खरा प्रश्न आहे, आणि नेमका तो आकडा बहुतेक कंपन्या छापत नाहीत. सोनी ए७ थ्रीला साधारण १/१५ सेकंद लागतो, कॅनन आर५ ला साधारण १/६०, आणि निकॉन झेड९ ला १/२५० पेक्षाही कमी. यांत्रिक शटरचा पडदा साधारण ३ ते ४ मिलीसेकंदांत सेन्सर ओलांडतो. म्हणजे झेड९ चा सेन्सर पडद्याच्या तोडीस तोड वाचला जातो, म्हणूनच त्या बॉडीत यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही.

हा वेग घरीच मोजता येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. हेच आपलं घड्याळ.

१. स्वस्तातला एलईडी बल्ब किंवा जुनी चोकवाली ट्यूब लावा, बाकीचे दिवे बंद करा. समोर पांढरी भिंत हवी.
२. कॅमेरा आडवा धरा. इलेक्ट्रॉनिक शटर, वेग १/२०००, अपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ३२०० किंवा लागेल तेवढा. फोकस मॅन्युअल.
३. फोटो काढा आणि वरपासून खालपर्यंत काळपट आडवे पट्टे मोजा. एक पट्टा म्हणजे १० मिलीसेकंद. पाच पट्टे आले तर वाचनाला ५० मिलीसेकंद, म्हणजे १/२० सेकंद. दीड पट्टा आला तर १५.

एकही पट्टा दिसला नाही तर लगेच खूश होऊ नका. बल्बचा ड्रायव्हर चांगला असेल तर तो लुकलुकतच नाही. त्याच बल्बखाली दुसरा, संथ कॅमेरा लावून खात्री करा. उलट तीस-चाळीस बारीक रेघा आल्या तर तो बल्ब फार जास्त वारंवारितेवर चालतोय, मोजणीला निरुपयोगी. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात बॉडी हाताळताना हीच चाचणी तिथल्या ट्यूबखाली दोन मिनिटांत होते. नवीन बॉडी घेणाऱ्याने ती करावीच.

आता या मिलीसेकंदांचा फोटोवर परिणाम किती? महामार्गावरून ताशी ६० किलोमीटरने जाणारी एसटी सेकंदाला साधारण १६.७ मीटर सरकते. बसने फ्रेमची अर्धी उंची व्यापली असेल आणि वाचनाला ५० मिलीसेकंद लागत असतील, तर टपापासून चाकापर्यंत वाचेतोवर २५ मिलीसेकंद जातात, आणि तेवढ्यात बस ४२ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. फोटोत ती तिरकी दिसते. वाचन ४ मिलीसेकंदांचं असेल तर हाच फरक साडेतीन सेंटीमीटरच्या आत येतो, डोळ्याला कळतही नाही. १/३२००० ठेवून हे तिरकेपण जात नाही; कडा धारदार होतात, बस तिरकीच राहते.

नांदूरमध्यमेश्वर

नाशिक जिल्ह्यातलं, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. इथे शांत शटरचा मोह होणं साहजिक आहे, कारण लपणातून खटखट आवाज आला की जवळची जांभळी पाणकोंबडी गवतात शिरते. पोहणारी बदकं, काठावर उभे बगळे, विसावलेले रोहित यांच्यासाठी कुठल्याही बॉडीचं इलेक्ट्रॉनिक शटर चालतं. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडतो तेव्हा मात्र संथ सेन्सरवर त्याचं अंग ठीक येतं आणि पंख रबरी येतात. तिथे यांत्रिक शटर, १/२५०० ते १/३२००. रोहितांच्या उडत्या थव्याला १/१६०० पुरतं.

आणखी एक दोष सहसा घरी आल्यावर लक्षात येतो. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना पक्षी नीट येतो, पण मागचे बांबू, खांब, निरीक्षण मनोरा सगळे एका बाजूला कलतात. पक्ष्याच्या मागे नुसतं आकाश किंवा पाणी असेल तरच संथ सेन्सरवर ही जोखीम घ्यावी.

लेन्सचं म्हणाल तर इथे ४०० मिमी कमीच पडतात, ५००-६०० ला पर्याय नाही. निकॉन २००-५०० एफ/५.६ कॉलरसह २.३ किलोची आहे, सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलोच्या आसपास. दोन्ही वापरलेल्या घेतल्या तर खिशाला झेपतात. १.५ क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीवर ५०० मिमीची चौकट ७५० मिमीसारखी दिसते. आणखी लांबचं मोठं दिसावं म्हणून १.४ एक्स टेलिकन्व्हर्टर लावायचा मोह टाळा. एक स्टॉप प्रकाश जातो, एफ/६.३ ची लेन्स एफ/९ वर येते आणि सकाळच्या धुक्यात फोकस चाचपडत राहतो. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागली की लांबच्या पक्ष्याचा एकही फोटो धारदार येत नाही. त्याचा दोष लेन्सला देऊ नये, जवळचा पक्षी शोधावा.

निकॉनची जुनी एफ माउंटची (डीएसएलआरच्या जोडणीची) लेन्स त्यांच्या नव्या, मिररलेस झेड बॉडीवर लावणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. एफ माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ४६.५ मिमी, झेडचं १६, मधले ३०.५ मिमी एफटीझेड अडॅप्टर भरून काढतो. पण त्यात फोकसची मोटर नाही. ज्या लेन्सच्या आत मोटर नाही, म्हणजे एएफ-डी प्रकारच्या, त्या हातानेच फोकस कराव्या लागतात.

मैफल, ढोल आणि लग्न

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात आलाप सुरू असताना शटर वाजलं तर रसिक माना वळवून बघतात, तेव्हा इलेक्ट्रॉनिक हवंच. अडचण रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांची. आधी १/१०० किंवा १/५० लावून बघा. १०० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याचं पूर्ण आवर्तन त्यात बसतं आणि पट्टे जातात. १/१२५ वर तेच पट्टे परत येतात. तरीही बारीक रेघा राहिल्या तर तो दिवा वेगळ्या वारंवारितेचा आहे. बॉडीत शटरवेग बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय असेल तर स्क्रीनवर रेघा विरेपर्यंत वेग हलवा. नसेल तर टाळ्या पडेपर्यंत थांबा आणि यांत्रिक शटरने काढा.

ढोलपथकात वादच नाही: यांत्रिक. संथ सेन्सरवर टिपरू केळ्यासारखं वाकतं. रंगपंचमीला रहाडीतल्या (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदातल्या) उडीलाही तेच, १/१००० च्या वर, आणि लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर. तो फक्त काच वाचवतो; रंगाचं पाणी काचेपेक्षा फोकस रिंगच्या फटीत जास्त नुकसान करतं, म्हणून तीही झाका.

लॉन्समधल्या लग्नात फ्लॅश लावणार असाल तर बहुतेक बॉडींमध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश उडतच नाही. यांत्रिक शटरवरही १/२०० किंवा १/२५० ही हद्द (सिंक वेग) असते, कारण त्यापुढे सगळा सेन्सर एकाच वेळी उघडा नसतो, दोन पडद्यांमधली फट सरकत जाते. सोनी ए९ थ्रीमध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे तो १/८०००० लाही फ्लॅश जुळवतो. बदल्यात त्याचा मूळ आयएसओ २५० पासून सुरू होतो. भरपूर उन्हात हे खटकतं.

मधला प्रकार म्हणजे पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा यांत्रिक. १/६० ते १/२०० दरम्यान पडद्याच्या धक्क्याने येणारी पुसट थरथर त्याने जाते, म्हणून रोजच्या वापराला तो उत्तम. पण ८५ मिमी एफ/१.८ उघड्यावर १/२००० च्या पुढे गेलात तर मागचे गोल दिवे अर्धवट कापलेले दिसतात. निकॉन झेड६ मध्ये तो १/२००० च्या पुढे जातच नाही. कॅनन आर८ आणि सोनी ए७सी मध्ये पूर्ण यांत्रिक पर्यायच नाही. एफ/१.८ सारख्या मोठ्या अपर्चरच्या, झूम नसलेल्या (फास्ट प्राइम) लेन्सवर उन्हात पोर्ट्रेट काढणाऱ्याने हे घेण्याआधी लक्षात ठेवावं.

वापरलेली बॉडी घेताना

शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा) बघाच, पण त्यावरच सौदा ठरवू नका. निकॉनच्या फोटोत तो लिहिलेला असतो, एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने वाचता येतो. कॅननच्या अनेक बॉडींमध्ये नसतो. कॅनन ५डी मार्क फोरचं शटर दीड लाख आणि निकॉन डी८५० चं दोन लाख वेळांसाठी चाचणी केलेलं आहे. तेवढं झालं की ते लगेच मोडतं असं नाही, आणि त्याआधी मोडणार नाही असंही नाही.

त्यापेक्षा हे करा. एकसारख्या उजेडातली भिंत, अपर्चर एकच, आणि चार फोटो: १/२५० ला आयएसओ २००, १/१००० ला ८००, १/४००० ला ३२००, १/८००० ला ६४००. चारही सारखेच उजळ यायला हवेत. वेगवान फोटो मधेच काळवंडला किंवा वरची-खालची एक बाजू गडद आली, तर पडदे एका चालीने धावत नाहीत. ही चाचणी दिवसाच्या उजेडात करा, ट्यूबखाली केली तर पट्ट्यांनाच शटरचा दोष समजाल. मग फ्लॅश लावून सिंक वेगावर एक फोटो. खाली काळी पट्टी आली तर पडदा उशिरा हटतोय. शेवटी यांत्रिक शटरवर पन्नासेक फोटोंचे तीन बर्स्ट. थकलेलं शटर पहिल्या बर्स्टमध्ये बहुधा नीट चालतं. तिसऱ्यातली शेवटची दहा चित्रं मोठी करून बघा, आणि ती बघेपर्यंत पैसे खिशातच राहू द्या.