मारहाण करणाऱ्या नवऱ्यांचे गट: नियमावली लिहिताना या चुका टाळा

बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना सुधारण्यासाठी गट चालवायचा म्हणून दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे नियमावलीचा मसुदा घेऊन येतं. पहिल्या पानावर उद्दिष्टं, दुसऱ्यावर सत्रांचं वेळापत्रक, शेवटी प्रमाणपत्राचा नमुना. बायको कुठल्याच पानावर नसते. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हजेरीलाच सुधारणा समजणं. ती मीच केली आहे. आमच्या पहिल्या गटात सोलापूरच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार होता. बारा रविवार, एकही खाडा नाही. आधी येऊन सतरंजी घालायचा. शेवटच्या दिवशी आम्ही शिक्का मारून प्रमाणपत्र दिलं. दोन महिन्यांनी त्याची बायको भेटली. ती विड्या वळते. म्हणाली, "ताई, तो कागद लॅमिनेशन करून टीव्हीच्या वर लावलाय. हात उचलत नाहीत आता. पण मी काही बोलले की कागदाकडे बोट दाखवतात. मी सुधारलोय म्हणतात, आता चूक तुझीच." तिची मजुरी तो पूर्वीसारखीच काढून घेत होता. 'राग आला की घराबाहेर पडा' हे आम्हीच शिकवलेलं. तो पडायचा, आणि बाहेरून कडी लावायचा.

तेव्हापासून प्रमाणपत्र बंद. कुणी फारच मागे लागलं तर हजेरीच्या तारखा लिहून देते आणि खाली एक ओळ: यावरून वागणुकीबद्दल काही सिद्ध होत नाही. वकील चिडतात. चिडू देत. आता माझ्या वहीत त्याच्या हजेरीशेजारी तिचा रकाना असतो: मजुरी कुणाच्या हातात, माहेरी फोन करता येतो का, तो घरी यायच्या वेळी पोटात गोळा येतो का. बायकांवरची हिंसा रोखण्यासाठीच्या 2011 च्या युरोपीय इस्तंबूल कराराचं कलम 16 अशा कार्यक्रमांबद्दलच आहे. त्यातही पीडितेची सुरक्षितता आधी, आणि पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थांशी जोडून काम. परदेशी नियमावल्या उतरवून घेणारे नेमकं हेच गाळतात.

दुसरी चूक, बायकोला फोन करण्याची. एका नव्या, उत्साही कार्यकर्त्याने नवऱ्याच्याच मोबाईलवर फोन लावला, "जरा वहिनींना द्या." स्पीकर चालू होता. ती "सगळं छान आहे" म्हणाली, यानेही वहीत 'छान' लिहिलं. तिला फोन करणारी बाई वेगळीच हवी, गट चालवणाऱ्यांपैकी नको. ती जे सांगेल ते गटात शब्दानेही येता कामा नये. नवरा जवळ असेल तर कळावं म्हणून आम्ही पहिल्या भेटीत तिच्याशी खूण ठरवतो. "पानं भिजत घातलीत" असं ती म्हणाली की आम्ही "राँग नंबर" म्हणून फोन ठेवतो.

जोडप्याला समोरासमोर बसवण्याची घाई तर विचारूच नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 14 मध्ये समुपदेशन एकट्याने किंवा एकत्र, दोन्ही आहे; लोक 'एकत्र' तेवढं वाचतात. त्याच कायद्याखालच्या नियमांपैकी नियम 14 मध्ये तर स्पष्ट आहे की समुपदेशनात त्याला हिंसेचं समर्थन करता येणार नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. आमच्याकडे पहिला तास "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" यातच जातो.

दारू सुटली की मार थांबेल, हे गृहीत धरू नका. पिऊन साहेबाला कुणी मारत नाही.

गुप्ततेचं सरसकट वचन देऊ नका. धमकी कानावर आली तर तिला आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना कळवणार, हे पहिल्या दिवशीच सांगा. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही तेव्हाच.

गट एकट्या पुरुषाने चालवू नये. दुसऱ्या सत्रापर्यंत तो त्यांचा दोस्त होतो.

पूर्व भागात तेलुगू येणारा माणूस नसेल तर गट सुरूच करू नका.

आणि चार सत्रांचा क्रॅश कोर्स मागणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरला की गट ओस पडतो, मग हीच मंडळी उरलेली सत्रं गुंडाळून वहीत 'पूर्ण' लिहितात. यात्रा संपेपर्यंत गट थांबवा. बायकांचे फोन तेवढे त्या दिवसांतही चालू ठेवा.