जुन्या टॉर्पेडोला नवी बुद्धी: मार्क ४८ चा धडा

जुना टॉर्पेडो सुधारायचा, तर एक लक्षात ठेवा: तो सोडायची पाणबुडीची नळी बहुधा 533 मिमीची असते आणि ती बदलत नाही. म्हणून आधी ठरवा, कशाला हात लावायचा नाही: बाहेरचा व्यास, लांबी आणि पाणबुडीशी जोडणारे कनेक्टर. अमेरिकेचा मार्क ४८ टॉर्पेडो 1972 मध्ये सेवेत आला. त्याची आजची आवृत्ती, मॉड ७, वापरते ते कवच आणि ओटो इंधनावरचं (टॉर्पेडोचं खास द्रव इंधन) इंजिन त्याच घराण्यातलं. बदललं ते मुख्यतः नाकातलं सोनार, म्हणजे आवाजावरून लक्ष्य शोधणारं यंत्र, आणि मेंदू, म्हणजे संगणक. ब्रॉडबँड (रुंद वारंवारता-पट्ट्यावर चालणाऱ्या) सोनारचं हे काम अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने मिळून केलं.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकाच फेरीत बदलू नका. चाचणी फसली तर दोष कुणाचा, हे शोधण्यात महिने जातात. आधी प्रोसेसर बसवा, त्यावर जुनंच सॉफ्टवेअर चालवून निकाल जुळवा, मगच नवा कोड.

नवी इलेक्ट्रॉनिक्स बहुधा हलकी असते. इथेच गफलत होते: गुरुत्वमध्य सरकतो, टॉर्पेडो नाक वर करून धावतो. प्रत्येक बदलानंतर वजन-तोल पुन्हा मोजा, गरज पडल्यास वजनं भरा.

सरावाच्या टॉर्पेडोत स्फोटकाच्या जागी नोंदयंत्र असतं. पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने लगेच धुवा. खारं पाणी कुणाची गय करत नाही. उरलेलं इंधन आणि ज्वलनाचे अवशेष विषारी असतात, हातमोजे आणि वायुवीजन सोडू नका.

पाणबुडीवरची नियंत्रण प्रणाली मात्र विसरली जाते. तिला नवा टॉर्पेडो ओळखता आला नाही, तर तो नळीतच पडून राहील.