नवी ब्रेक लाइन टाकली, तरी पेडल मऊ? ऑइल ओतण्याआधी हे तपासा

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हरमल, मोरजी, कांदोळी या पट्ट्यातली गाडी गॅरेजात आली की मी आधी तिच्या खाली शिरून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेक लाइनवर, म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या धातूच्या नळीवर, टॉर्च मारतो. जिथे लाइनला क्लिप असते तिथे लाल माती अडकून बसते, पावसाळाभर ओली राहते, वरून समुद्राचा खारा वारा. बाकी लाइन धड असली तरी क्लिपखाली ती सडलेली निघते. अशी लाइन बदलण्यात फार मोठी विद्या नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं: पेडल दाबलं की पाय कुठेतरी मऊ जागेत जातो, आणि ब्रेक लागतो पण मनासारखा लागत नाही.

अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात, ‘हवा राहिलीय, अजून काढा.’ बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण हवा नेमकी कुठे आहे, की भानगड भलतीच आहे, हे न बघता बाटल्यांवर बाटल्या ब्रेक ऑइल ओतणारे मी फार पाहिलेत. ऑइल संपतं, निपलच्या, म्हणजे चाकापाशी हवा काढायच्या स्क्रूच्या, कडा झिजतात, पेडल आहे तिथेच राहतं. म्हणून पान्याला हात लावण्याआधी पायाने तपासा.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. आता एकदा दाबून धरा. पेडल लवचिक लागतंय, पक्का टप्पाच येत नाही, तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या वेळी खोल गेलं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येऊन टणक झालं, तर बहुधा मागच्या चाकाचा ड्रम आणि त्याला आतून घासून ब्रेक लावणारे शू यांच्यातली फट वाढलेली आहे. तिथे हवा काढून काही मिळणार नाही. आणि तुम्ही पाय तसाच धरलाय तरी पेडल हळूहळू खाली बसत चाललंय, तर कुठेतरी गळती आहे किंवा पेडलच्या दाबाने ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे रबर आतून ऑइल सोडतायत. या तिसऱ्या प्रकारात गाडी रस्त्यावर काढायची नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

गळती शोधायला नवीन जोडलेला प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने लख्ख पुसा, कोणाला तरी मिनिटभर पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि सांध्याभोवती पांढरा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा टिश्यूवर लगेच दिसतो. लाइनचं तोंड, म्हणजे फ्लेअर, दोन प्रकारचं असतं: दुहेरी दुमडलेलं आणि बुडबुड्यासारखं गोल. जुन्या लाइनचं होतं तेच नव्या लाइनला हवं. एकाच्या जागी दुसरं बसवलं तर नट पूर्ण आवळला जातो आणि सांधा तरीही झिरपतो. होज पाइपच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर जुनेच परत लावले असतील तर ते आधी बदला. आणि साधी तांब्याची नळी ब्रेकला कोणी सुचवली तर ऐकू नका. स्टीलची किंवा ब्रेकसाठीच बनवलेली तांबे-निकेल मिश्रणाचीच घ्या.

गळती नाही आणि मऊपणा हवेचाच आहे असं ठरलं, की मग हवा काढायला बसा. गाडी सपाट जागी, चाकांना अडण, जॅकनंतर स्टँड. चिऱ्यांवर गाडी उभी करून खाली शिरणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. चिरा दगड म्हणून कितीही जाड दिसला तरी टोकावर भार आला की फुटतो. हात जोडून सांगतो, चिऱ्यांवर गाडी ठेवू नका.

ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलं घ्या, आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या ढाकणावर लिहिलेला प्रकार वापरा. आपल्या बहुतेक गाड्यांना डॉट 3 किंवा डॉट 4 लागतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 नवीन असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण जवळपास पावणेचार टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा 155 वर येऊ शकते. चोर्ला घाट उतरताना गरम झालेल्या ब्रेकमध्ये त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. तेव्हा गेल्या पावसाळ्यात उघडून फडताळात ठेवलेली अर्धी बाटली या कामाला आणू नका. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते यांत कधीच मिसळायचं नाही, 5.1 मात्र वेगळं आहे, ते डॉट 4 च्या घराण्यातलं. शेजारी पाण्याची बादली ठेवा. ऑइल रंगावर सांडलं तर ताबडतोब भरपूर पाणी, नाहीतर रंग उचलला जातो.

लाइन बदलताना वरची टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर चाकांकडे जाण्याआधी मास्टर सिलिंडरची हवा काढा. त्याच्या पाइपाचा नट खाली फडकं धरून जरासा सैल करायचा, दुसऱ्याने पेडल हळू दाबायचं, नट आवळायचा, मग पेडल सोडायचं. नटाभोवती फेस यायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवा. ही पायरी गाळली की चारही चाकांवर तासभर घालवूनही पेडल मऊच राहतं.

मग चाकं. साधारण नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत म्हणजे डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा गाडीचं मॅन्युअल असेल तर त्याचंच ऐका.

निपलला रिंग पानाच लावा. उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात. त्यावर पारदर्शक नळी चढवा आणि तिचं दुसरं टोक थोडं नवं ऑइल असलेल्या काचेच्या बाटलीत बुडवा. पेडलवर माझा भाचा बसतो आणि आमचं बोलणं ठरलेलं असतं. मी म्हणतो, ‘दाब.’ तो म्हणतो, ‘मामा, दाबलंय.’ मी पाव फेरा उघडतो, पेडल खाली जातं, ते तळाला टेकायच्या आधी मी बंद करतो आणि मगच म्हणतो, ‘सोड.’ हा शेवटचा शब्द येईपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचलला गेला तर बाहेर काढलेली हवा आत परत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज आणि गाळ धरलेला असतो. पेडल फरशीपर्यंत नेलं की रबर त्यावर घासून फाटतात, आणि मऊ पेडलच्या जागी खाली बसणारं पेडल मिळतं.

नळीकडे नीट बघा. आधी मोठे मोठे पोकळ तुकडे येतात, मग मोहरीएवढे बुडबुडे, मग मळकं ऑइल आणि शेवटी स्वच्छ. मोहरीएवढे बुडबुडे एकसारखे, न संपता येत राहिले तर ते निपलच्या आट्यांमधून आत ओढले जात असू शकतात. व्हॅक्यूम पंप लावून काढणाऱ्यांना हे हमखास दिसतं. ते बघून घाबरायचं नाही, पेडलच्या पद्धतीने खात्री करायची. वरच्या टाकीची पातळी दर चार-पाच दाबांनी बघा, ती खालच्या रेघेखाली गेली की सगळं पहिल्यापासून. बाटलीत जमलेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही.

इतकं करूनही पेडल मऊ असेल तर हवा अशा जागी आहे जिथून ती निघत नाही. नेहमीच्या 4.75 मिलिमीटरच्या लाइनमध्ये मीटरमागे आठ-नऊ मिलिलिटरच ऑइल मावतं, म्हणजे ती भरायला ऑइल थोडंच लागतं. पण हवा वर चढते. हाताने वाकवलेल्या नव्या लाइनला अॅक्सलवरून जाताना उंच कमान राहिली असेल तर बुडबुडा त्या कमानीत बसतो आणि हळू दाबलेल्या पेडलने तिथून हलत नाही. अशा वेळी मी दाब जोराचा आणि लांब द्यायला सांगतो, किंवा निपल सगळ्यांत उंच येईल अशी गाडीची ती बाजू उचलतो. कमान फारच वेडीवाकडी असेल तर लाइन काढून नीट वाकवण्यात वेळ कमी जातो.

डिस्कला पकडणारे कॅलिपर काढले होते का, तेही आठवा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतं आणि वरची हवा कधीच निघत नाही. व्हॅन आणि पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाकं लोंबकळत ठेवली तर तो मागचं ऑइल अडवतो. चाकांवर भार ठेवून काम करा. काही गाड्यांत त्या व्हॉल्व्हलाच वेगळं निपल असतं, ते विसरू नका.

बाजू ओळखायची असेल तर रबरी होज पाइप गुळगुळीत जबड्याच्या खास क्लॅम्पने दाबून बंद करा. साध्या पकडीने नाही, आणि तडे गेलेल्या किंवा स्टीलची जाळी असलेल्या होजवर तर अजिबात नाही. सगळे होज बंद असताना पेडल टणक झालं, की एकेक सोडत जा. ज्या चाकाला पेडल मऊ पडेल तिथे दोष. सगळे बंद असूनही मऊच, तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये, मधल्या लाइनमध्ये किंवा जोराच्या ब्रेकला चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसमध्ये आहे. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींत एबीएस सक्तीचं आहे, आणि त्याच्या ब्लॉकमध्ये शिरलेली हवा बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून आतला पंप चालवल्याशिवाय निघत नाही. तिथे घरच्या घरी झगडू नका, स्कॅनर असलेल्याकडे गाडी टो करून न्या.

दुसऱ्या दाबाला टणक होणारं पेडल असेल तर हँडब्रेकची केबल सैल करून मागचे शू जवळ घ्या, ड्रम फिरवताना अगदी हलकं घासल्याचा आवाज येईपर्यंत. मग हँडब्रेक परत जुळवा.

शेवटी पेडल दाबून धरलेलं असताना इंजिन सुरू करा. ते किंचित खाली जाऊन थांबलं पाहिजे. तो बूस्टरचा पुरावा आहे, त्याला मऊपणा समजू नका. पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागी, चालण्याच्या वेगाने. मग गल्लीतून, मग रस्त्यावर. त्या दिवशी घाट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी आणि सगळे सांधे पुन्हा टिश्यूने बघा, आठवड्याने आणखी एकदा. सांधे कोरडे असतील तर क्लिपखाली लाइनवर रबरी बाही चढवा आणि वर गंजरोधक मेण मारा. हे काम मे महिन्यात, माती कोरडी असताना उरकलं की चतुर्थीपर्यंत तिथे ओल धरत नाही.