सालामांकाला जाताय? इंग्रजी विमानतळावर ठेवून जा

दर उन्हाळ्यात माझ्याकडे चार-पाच मुलं येतात. सप्टेंबरपासून स्पेनमध्ये एक सेमिस्टर. भाषा, साहित्य, सिनेमा असे विषय. आणि चेहऱ्यावर 'आता फक्त बॅग भरायची राहिलीय' असा भाव. मी स्वतः तिथल्या सालामांका शहरात एक सेमिस्टर काढलं आणि आता पुण्यात स्पॅनिश शिकवते. मुलं बदलतात, चुका बदलत नाहीत. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

स्पॅनिश इंग्रजीतून शिकणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, त्यामुळे हिच्यावर जास्त बोलणार.

पहिल्या तासाला कुणीतरी हमखास म्हणतं, "यो गुस्तो एल सिने." डोक्यात 'आय लाइक' असतं, त्याचे तुकडे करून शब्दाला शब्द जोडलेला असतो. अरे, तुम्ही मराठी आहात ना? आपण 'मी सिनेमा आवडतो' म्हणतो का? 'मला सिनेमा आवडतो' म्हणतो. स्पॅनिश माणूसही तेच म्हणतो: मे गुस्ता एल सिने. मला पुस्तकं आवडतात: मे गुस्तान लोस लिब्रोस. क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. दोन्ही भाषांत. हे इंग्रजीतून समजावायला पाठ्यपुस्तकं दोन पानं खर्च करतात आणि आपली मुलं ती दोन पानं पाठ करतात!

असं बरंच आहे. 'मी घर बघते', पण 'मी मारियाला बघते'. घराला 'ला' लागत नाही, माणसाला लागतो. स्पॅनिशमध्ये वेओ ला कासा, पण वेओ आ मारिया. तो मधला 'आ' कुठे घालायचा यावर इंग्रजी माध्यमातली मुलं महिनाभर अडतात. त्यांना म्हटलं, मराठीत वाक्य म्हणून बघ, माणसाला 'ला' येतोय का? आला तर 'आ' घाल. बहुतेक वेळा काम होतं.

भूतकाळाचं तर विचारूच नका. फुई आणि इबा, दोन्हीचं इंग्रजीत बऱ्याचदा एकच रूप होतं, म्हणून मग नियमांचे तक्ते, रंगीत पेनं, बाण. फुई म्हणजे गेलो. इबा म्हणजे जायचो, किंवा जात होतो. 'सुट्टीत आजोळी जायचो' आणि 'सुट्टीत आजोळी गेलो' यात आपल्याकडचं पाच वर्षांचं पोरही गोंधळत नाही. आणि ज्या सबजंक्टिव्हला, म्हणजे इच्छा-शंका सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला, सगळे घाबरतात, त्याचा निम्मा संसार आपल्या 'यावं, करावं, असावं'मध्ये आहे. किएरो के वेंगास: तू यावंस अशी माझी इच्छा आहे. 'यावंस' म्हणताना कुणाला कधी घाम फुटला?

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. सालामांकातल्या पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंचा काचेचा जग माझ्या हातून फुटला. सत्तरीच्या बाई, एकट्या राहायच्या, जग जुना. मी घाबरून मनात इंग्रजी वाक्य जुळवलं, त्याचं स्पॅनिश केलं आणि म्हणाले, "यो रोंपी ला हार्रा." व्याकरण अगदी शुद्ध. बाई दोन क्षण माझ्याकडे बघतच राहिल्या. मी जे म्हटलं त्याचा सूर साधारण असा होता: 'जग ना? मी फोडला.' जणू भांडण झालं होतं आणि मी तो भिंतीवर आपटला होता. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझं वाक्य दुरुस्त केलं: "से ते आ रोतो, इहा." तुझ्या हातून फुटला गं, पोरी. मी म्हणायला हवं होतं 'से मे आ रोतो', म्हणजे आपलं 'माझ्या हातून फुटला'. किल्ल्या घरात राहिल्या, गाडी चुकली, निरोप द्यायचा राहून गेला, हे सगळं अंगावर न घेता सांगायची जी सोय मराठीत आहे, तीच तिथे आहे. त्या रात्री मी वहीत इंग्रजी अर्थ लिहायचं बंद केलं. आजही माझ्या मुलांच्या वहीत डाव्या बाजूला स्पॅनिश आणि उजव्या बाजूला मराठी असते. इंग्रजी दिसलं की मी पान फाडते. मुलं कुरकुरतात.

मराठी सगळीकडे तारत नाही, हेही सांगते. सेर आणि एस्तार या दोन क्रियापदांसाठी आपल्याकडे एकटं 'आहे'. 'मी कंटाळलेय' म्हणायला गेलेली माझी एक विद्यार्थिनी सोय आबुर्रिदा म्हणून आली, म्हणजे 'मी कंटाळवाणी आहे'. तिथे घोकंपट्टीला पर्याय नाही. आणि उकडत असेल तर तेंगो कालोर म्हणा. एस्तोय कालिएंते म्हणालात तर समोरचा हसेल, आणि का हसला ते मी इथे लिहिणार नाही.

उच्चारातही इंग्रजीच आडवी येते. टेंगो नाही, तेंगो. टोमार नाही, तोमार. स्पॅनिश त, द, प, क आपल्याच त, द, प, क सारखे आहेत: त, द दातांजवळचे, आणि त, प, क हवा न सोडता म्हणायचे. 'तू'ला तिथे तूच म्हणतात, हो, अगदी तूच. तरी मुलं 'टू' म्हणतात!

गोव्याच्या मुलांसाठी एक ओळ वेगळी. आजी-आजोबांचं पोर्तुगीज कानावर पडलेलं असतं, त्यामुळे फार आत्मविश्वास असतो. पोर्तुगीज एस्किझितो म्हणजे विचित्र, स्पॅनिश एक्स्किसितो म्हणजे अप्रतिम. पोर्तुगीज पोल्वू म्हणजे ऑक्टोपस, स्पॅनिश पोल्वो म्हणजे धूळ. जेवणाच्या टेबलावर हे जपून वापरा. आपला बटाटासुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. स्पेनच्या बाजारात 'बताता' मागाल तर रताळी हातात पडतील. बटाट्याला पताता म्हणायचं.

इंग्रजी सबटायटल लावून सिनेमा 'संपवणं'

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि ती मी केलेली आहे.

सिनेमाच्या कोर्सला दिग्दर्शक व्हिक्तोर एरिसेचा 'एल एस्पिरितू दे ला कोल्मेना', म्हणजे 'मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा', होता, 1973 चा. मी तो आदल्या रात्री लॅपटॉपवर, इंग्रजी सबटायटल लावून, मधले 'संथ' भाग पळवत बघितला. दुसऱ्या दिवशी टिपणात लिहिलं की चित्रपट सुंदर आहे, पण त्यात फारसं काही घडत नाही, पात्रं बोलत नाहीत. सरांनी कागद परत दिला. समासात एकच प्रश्न होता: 1940 मध्ये कोण बोलत होतं?

सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं, कास्तिलच्या पठारावरचं एक ठिकाण, 1940 च्या सुमारास. मी ते वाचलंही होतं. स्पेनचं यादवी युद्ध 1939 मध्ये संपलेलं, हुकूमशहा फ्रँको जिंकलेला, हरलेल्यांपैकी कुणी तुरुंगात, कुणी देशाबाहेर, कुणी जमिनीखाली. त्या घरात वडील मधमाश्यांवर टिपणं काढतात, आई कुणाला तरी पत्रं लिहिते, आणि दोघं एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. लहानगी आना गावात आलेला फ्रँकेन्स्टाइनचा सिनेमा बघते आणि विचारते, त्या राक्षसाने मुलीला का मारलं? पुढे रेल्वेतून उडी मारून पळालेला एक माणूस येतो, आना त्याला खायला नेऊन देते, आणि एका रात्रीत त्याला गोळ्या घातल्या जातात. तो कोण, कुणीच सांगत नाही. खिडक्यांच्या काचाही पोळ्याच्या षटकोनांच्या. सबटायटल बोललेल्या शब्दांची असतात. न बोललेल्याची कुठून आणणार? आणि मी पळवले होते ते नेमके गप्प भाग. सिनेमा आला तेव्हा फ्रँको अजून जिवंत होता. तो गेला 20 नोव्हेंबर 1975 ला.

त्या काळचा स्पॅनिश सिनेमा बघताना सेन्सॉर हे एक जास्तीचं पात्र धरूनच बसावं लागतं. दिग्दर्शक बुन्युएलच्या 'विरिदियाना'चा मूळ शेवट सेन्सॉरला खटकला. त्याने बदलून दिला: दोन बायका, एक पुरुष आणि पत्त्यांचा डाव. वरवर सोज्वळ, खरं तर आधीपेक्षा कितीतरी चावट. 1961 मध्ये चित्रपटाला फ्रान्सच्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, मग व्हॅटिकनचं वृत्तपत्र खवळलं आणि स्पेनमध्ये चित्रपटावर बंदी आली. तिथल्या प्रेक्षकांना तो बघायला 1977 उजाडलं. हे माहीत नसेल तर शेवटचा पत्त्यांचा प्रसंग म्हणजे नुसते पत्ते.

माझी सवय सांगते. पहिल्यांदा सिनेमा सबटायटलशिवाय बघते. निम्मा कळत नाही, नाही तर नाही. दुसऱ्यांदा स्पॅनिश सबटायटल लावून. इंग्रजी कधीच नाही. यात दोन संध्याकाळी जातात. 'मॅडम, एवढा वेळ कुठे असतो?' असं विचारणारी मुलं त्याच आठवड्यात विकेंडला बार्सिलोना करून येतात.

थिएटरबद्दल एक सूचना. स्पेनमध्ये परदेशी सिनेमे बहुतेक ठिकाणी डब केलेलेच लागतात. मूळ भाषेतला हवा असेल तर जाहिरातीत व्ही.ओ.एस.ई. ही अक्षरं शोधा, म्हणजे मूळ ध्वनी आणि खाली स्पॅनिश अक्षरं. मी मात्र तोंडपाठ झालेला एखादा हॉलिवूडपट मुद्दाम डब केलेला बघायचे. गोष्ट माहीत असली की कान मोकळे होतात. सालामांकात कास्तिल-लेओनचं चित्रपट संग्रहालय, फिल्मोतेका, आहे. तिकडे फिरकला नाहीत तर सिनेमा शिकायला या गावात आलात कशाला? 1955 मध्ये याच गावात दिग्दर्शक-समीक्षक जमले होते आणि दिग्दर्शक बार्देमने स्पॅनिश सिनेमाचे वाभाडे काढले होते: राजकीयदृष्ट्या निष्प्रभ, सामाजिकदृष्ट्या खोटा, वगैरे.

साहित्य म्हणजे सारांश नव्हे

'लाथारियो दे तोर्मेस' ही कादंबरी 1554 ची, लेखक अज्ञात, पुस्तक बारीकसं. तरी मुलं सारांश वाचून येतात. सालामांकाच्या रोमन पुलावर दगडी बैल आहे. कादंबरीत आंधळा मालक आपल्या नोकर पोराला सांगतो, बैलाला कान लाव, आत आवाज येतो. पोरगं कान लावतं आणि मालक त्याचं डोकं दगडावर हाणतो. सारांशात हे एका ओळीत येतं. मूळ पुस्तक घेऊन पुलावर जा, त्या बैलापाशी उभं राहून ते पान वाचा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

शिवाय सगळी कहाणी 'वुएस्त्रा मेर्सेद'ला उद्देशून सांगितलेली आहे, म्हणजे 'आपली कृपा', 'महाराज'. त्याचंच झिजून उस्तेद झालं, आपल्या 'आपण'सारखं आदराचं, आणि मूळ 'आपली कृपा' असल्यामुळे त्याला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. पण आज स्पेनमध्ये तू सर्रास चालतं. मी घरमालकीणबाईंना संस्काराप्रमाणे उस्तेद म्हणत राहिले, तर तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, मी इतकी म्हातारी दिसते का? सुरुवात उस्तेदने करावी, समोरच्याने तू म्हण म्हटलं की मुकाट्याने म्हणावं.

बी-वन, म्हणजे मध्यम, पातळीवर गोंगोरा या अवघड जुन्या कवीच्या कवितेचा कोर्स घेऊ नका. नाव भारी वाटतं म्हणून घेतात आणि ऑक्टोबरात रडतात. लोर्काची नाटकं घ्या. 'बेर्नार्दा आल्बाचं घर' आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. बंद दार, पाच मुली आणि 'लोक काय म्हणतील' हे आपण ओळखतो.

बाकीचं भराभर

कागदपत्रं: आधी अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का), मग शपथबद्ध अनुवाद. एका मुलाने घाईत उलटं केलं, अपोस्टिलच्या शिक्क्याचा अनुवाद राहिला, पैसे दोनदा गेले. एजंट म्हणाला होता 'चालतं'. एजंटला सगळंच चालतं.

गुण दहापैकी असतात. पाचला पास, सात म्हणजे नोताब्ले, चांगलं. सात मिळाले म्हणून घरी रडत फोन करू नका.

दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद. जेवण अडीच-तीनला, रात्रीचं नऊनंतर. सात वाजता जेवायला मागाल तर स्वयंपाकघर बंद असेल. मधल्या वेळेला तोर्तियाचा एक तुकडा खा, अंडं-बटाट्याची ती जाड पोळी. अंडं खात नसाल तर आधीच विचार करून ठेवा.

चार भारतीयांनी मिळून फ्लॅट घेणं. स्वस्त पडतं, भांडणं मराठीत होतात आणि स्पॅनिश तिथेच संपतं.

वर्गात वाक्य मनात पूर्ण शुद्ध होईपर्यंत गप्प बसणं. तोवर विषय बदललेला असतो. चुकीचं बोला, लगेच बोला.

मोबाइलवरच्या अ‍ॅपचा 400 दिवसांचा सलग आकडा मला दाखवू नका. एकदा एकाने दाखवला. मी त्याला विचारलं, काल काय केलंस, स्पॅनिशमध्ये सांग. तो म्हणाला, "घोडा सफरचंद खातो."

आणि थंडी. 'स्पेन म्हणजे ऊन' हे समुद्रकाठचं. सालामांका आठशे मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. पुण्याचा स्वेटर पुण्यातच ठेवा आणि जाड कोट तिथे गेल्यावर घ्या. मी नेलेला स्वेटर शेवटी त्या बाईंच्या मांजराखाली अंथरला होता.