स्त्री-पुरुष समानतेचा जागतिक अहवाल हाती घेताना

अशा अहवालाची जबाबदारी अंगावर आली की पहिले पंधरा दिवस एकही आकडा डाउनलोड करू नका. हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. निधी देणाऱ्यांना वेळापत्रक हवं असतं आणि उत्साही सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात चाळीस निर्देशकांची एक्सेल फाइल तयार करून ठेवलेली असते. पण त्या फाइलमधल्या प्रत्येक रकान्यामागे कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं, की काम कशाला म्हणायचं, घर कशाला म्हणायचं, कुटुंबप्रमुख कोण. हे तपासायचं काम प्रमुखाचं. ते कुणावर सोपवता येत नाही.

माझं बालपण बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला गेलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल नवऱ्याच्या हातात, नाव नवऱ्याचं. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून त्या गाडीत चढवते. वहीत मात्र ती अर्धा कोयता. तिची मजुरी किती, हा प्रश्न त्या वहीला विचारताच येत नाही, कारण तिच्यासाठी वेगळा रकानाच नाही. पुढे देशोदेशींच्या पाहण्यांच्या फाइली उघडायला लागले, तेव्हा मला जागोजागी हाच कोयता दिसला. उत्पन्न 'कुटुंबाचं', जमीन 'कुटुंबाची', कर्ज 'कुटुंबाचं', आणि उत्तर देणारा बहुतेक वेळा घरातला पुरुष. म्हणून आमच्या गटात प्रत्येक निर्देशकाला एक प्रश्न विचारायची सवय आम्ही लावून घेतली: इथे कोयता मोजलाय की माणूस? तुम्ही तुमचा शब्द शोधा, पण प्रश्न हाच ठेवा.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असं नाही. अमेरिकेच्या जुन्या जनगणनेत विवाहित स्त्रीच्या व्यवसायाच्या रकान्यात 'पत्नी' असं लिहिलं जाई. ती शेतात राबत असो की नवऱ्याच्या दुकानात बसत असो. क्लॉडिया गोल्डिन यांनी वेळेच्या नोंदी आणि उद्योगांची जुनी आकडेवारी धुंडाळून हे दुरुस्त केलं. 1890 च्या दशकाच्या अखेरीस काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण जनगणनेत दिसतं त्याच्या जवळजवळ तिप्पट होतं, असं त्यातून निघालं. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यामागे हे चिकाटीचं काम आहे. तुमच्या गटातल्या सगळ्यांत घाईच्या माणसाला हे उदाहरण आवर्जून सांगा.

आता 'काम' या शब्दावर थोडं थांबते, कारण अर्धे अहवाल इथेच घसरतात. 2013 साली कामगार-सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्याख्या बदलली. घरच्या खाण्यापुरतं धान्य किंवा भाजी पिकवणं हे 'काम' आहे, पण 'रोजगार' नाही, असं ठरलं. काही देशांनी ही व्याख्या लागू केली, काहींनी नाही. भारताच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत घरच्या वापरासाठी शेतमाल पिकवणंही आर्थिक कामातच धरतात. म्हणजे नवी व्याख्या वापरणाऱ्या देशाच्या शेजारी भारताचा आकडा ठेवलात, तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करताय.

त्याच पाहणीत 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचा वाटा, 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. कुणालाही मथळा करावासा वाटेल. पण आत उतरून बघा: काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांचा वाटा याच काळात 51.9 वरून 67.4 टक्क्यांवर गेला, आणि त्यात घरच्या धंद्यात वा शेतात बिनपगारी मदत करणाऱ्याही आहेत. बायका कामाला लागल्या, की आधीच करत असलेलं काम आता नोंदलं जातंय, की घरात पैसा कमी पडतोय म्हणून त्या बाहेर पडल्या? तिन्ही शक्यता अहवालात लिहा. एकच निवडायचा मोह फार होतो, कारण पानावर एकच वाक्य सुटसुटीत दिसतं.

मग दुसरा निर्णय: तफावत मोजायची की पातळी? जागतिक आर्थिक मंचाचा स्त्री-पुरुष तफावतीचा अहवाल 2006 पासून निघतो, तो फक्त दोघांमधलं अंतर मोजतो. एखाद्या देशात मुलं आणि मुली दोघंही सारखीच कमी शिकत असतील, तरी शिक्षणात त्या देशाला जवळजवळ पूर्ण गुण मिळतात. स्त्रिया पुढे गेल्या तर जादा गुण नाहीत, बरोबरीला गुण थांबतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या लिंगभाव असमानता निर्देशांकात मात्र मातामृत्यू आणि किशोरवयातली बाळंतपणं येतात. तिथे पुरुषांशी तुलना करायला काहीच नसतं, तिथे पातळीच मोजावी लागते. मंचाच्या 2025 च्या यादीत 148 देशांत भारत 131 वा, आणि विकास कार्यक्रमाच्या 2022 च्या निर्देशांकात 108 वा. यात कुणी खोटं बोललेलं नाही. तुमचा प्रश्न कोणता, ते एका साध्या मराठी वाक्यात लिहा. मी ते वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलं होतं, आणि ते मराठीत होतं, कारण इंग्रजीत मला स्वतःचीच पळवाट चटकन सापडते.

गट जमवताना एक गोष्ट हट्टाने करा. प्रत्येक देशातल्या सहकारी संशोधक पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या, पूर्ण मानधनावर, लेखक म्हणून नाव देऊन. मसुदा तयार झाल्यावर 'जरा नजर टाका' म्हणून पाठवणं हा त्यांच्या ज्ञानाचा अपमान आहे, आणि अहवालाचंही नुकसान आहे. प्रश्नावलीतला कोणता शब्द त्यांच्या भाषेत उलटा पडतो, हे फक्त त्याच सांगू शकतात. आपल्याकडचंच घ्या. बाईला विचारा, 'तुम्ही काय काम करता?' ती म्हणेल, 'काही नाही, घरीच असते.' तिलाच विचारा, 'काल पहाटे उठल्यापासून काय काय केलं?' मग म्हशीची धार, पाणी, निंदणी, सासूचं औषधपाणी, सगळं बाहेर येतं. भारताच्या वेळवापर पाहणीत पहाटे 4 ते दुसऱ्या दिवशी पहाटे 4 असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवतात, ते याचसाठी.

त्या पाहणीचा 2019 चा आकडा अनेकांनी वापरलाय: घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात स्त्रिया रोज 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97. वापरण्याआधी तळटीप वाचा. ही सरासरी फक्त त्या दिवशी असं काम केलेल्यांची आहे. स्त्रियांत ते प्रमाण 81.2 टक्के होतं, पुरुषांत 26.1 टक्के. म्हणजे पुरुषांचा आकडा सगळ्या पुरुषांवर वाटला तर जेमतेम 25 मिनिटं उरतात, आणि स्त्रियांचा वाटला तर साधारण 243. तळटीप न वाचता जो 97 छापतो, तो पुरुषांना न केलेल्या कामाचं श्रेय देतो.

माझ्या हातूनही एक चूक झाली, ती सांगायला हवी. एका मसुद्यात मी दोन शेजारी देशांची तुलना करून अख्खा परिच्छेद लिहिला होता. छपाईला दहा दिवस उरले असताना गटातल्या सर्वांत लहान सहकारी मुलीने दाखवून दिलं, की एक आकडा 15 वर्षांवरच्या सगळ्यांचा आहे आणि दुसरा 15 ते 64 वयोगटाचा. तफावत होती, पण मी लिहिली तेवढी नव्हती. परिच्छेद काढला. त्या दिवसापासून आमच्याकडे आकडेवही आहे. प्रत्येक आकड्याला एक ओळ: मूळ स्रोत, वर्ष, वयोगट, व्याख्या, उतरवून घेतल्याची तारीख, तपासणाऱ्याचं नाव. तपासणारी व्यक्ती आकडा आणणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळी असलीच पाहिजे. वहीत नाही तो आकडा अहवालात नाही, मग तो कितीही प्रसिद्ध असो.

प्रसिद्ध आकड्यांवर तर जास्तच संशय घ्या. 'जगातली फक्त एक टक्का मालमत्ता स्त्रियांकडे आहे' आणि 'जगातल्या गरिबांत 70 टक्के स्त्रिया आहेत' ही वाक्यं कित्येक वर्षं भाषणांतून फिरतायत. माग काढत गेलं की पायाशी कुठलीही धड मोजणी सापडत नाही. ती वाक्यं आपल्या बाजूची वाटतात, म्हणूनच ती धोक्याची. विरोधकाने एक पोकळ आकडा पकडला की बाकीचे तीनशे खरे आकडेही मातीत जातात.

रिकाम्या जागांबद्दल. माहिती नाही म्हणजे शून्य नाही, आणि शेजारच्या देशांची सरासरीही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 मध्ये बिनपगारी काळजीच्या कामाचा हिशोब मांडला, की रोज 16.4 अब्ज तास, त्यातले 76.2 टक्के स्त्रियांचे. तो 64 देशांच्या वेळवापर पाहण्यांवर उभा होता, आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. तुम्हीही नकाशावर माहिती नसलेले देश राखाडी ठेवा. कुणी म्हणेल नकाशा कुरूप दिसतो. दिसू द्या. ज्या सरकारांनी कधी मोजलंच नाही, त्यांचं न मोजणं वाचकाला दिसलं पाहिजे.

हिंसेबद्दलचे प्रश्न विचारणार असाल तर थांबा आणि आधी नियम वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्येच ते घालून दिलेत: मुलाखत एकांतात, एका घरातून एकाच बाईची, आणि मदत कुठे मिळेल याची सोय आधी तयार. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही या भागासाठी घरातल्या एकाच स्त्रीला निवडतात. मध्येच कुणी खोलीत आलं तर विषय बदलायचा, हे मुलाखत घेणारीला इतकं पाठ हवं की तिला विचार करावा लागू नये. मुलाखत अर्धी राहिली तर राहू द्या. आणि पोलिसांकडच्या तक्रारींचे आकडे घेऊन देशांची तुलना कधीच करू नका. जिथे बाईला तक्रार करता येते, तिथे आकडा मोठा दिसतो.

क्रमवारी लावायची का, यावर तुमच्या गटात भांडण होईल. होऊ द्या, पण ते निकाल दिसण्याआधी मिटवा. कार्यपद्धती लिहून, तारीख टाकून गोठवा, आणि नंतर कुठल्या मंत्रालयाचा फोन आला तर तो कागद पुढे करा. जागतिक बँकेने 2021 मध्ये व्यवसायसुलभतेचा आपला अहवालच बंद केला, कारण काही देशांच्या आकड्यांत गैरप्रकार आढळले. क्रमांक असला की तो हलवण्यासाठी दबाव येतोच. माझं मत क्रमवारीच्या विरुद्ध आहे. आम्ही देशांचे गट केले आणि प्रत्येक गटात काय सुधारलं, काय अडलं ते लिहिलं. वर्तमानपत्रांत जागा कमी मिळाली, पण त्या-त्या देशातल्या अधिकाऱ्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला.

सारांश मात्र स्वतः लिहा, कारण बहुतेक लोक तेवढाच वाचतात. पैशाचा आकडा वापरायचा की नाही हे तिथेच ठरतं. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटने 2015 मध्ये 95 देशांचा अभ्यास करून सांगितलं, की प्रत्येक देशाने आपल्या प्रदेशातल्या सर्वांत वेगाने सुधारणाऱ्या देशाइतकी गती गाठली, तर 2025 पर्यंत जगाच्या उत्पन्नात 12 लाख कोटी डॉलरची भर पडू शकते. अर्थमंत्रालयांचे दरवाजे अशा आकड्यांनी उघडतात, हे मी पाहिलंय. तरी तो आकडा पहिल्या वाक्यात घालू नका. बाईला न्याय मिळावा तो तिचा आहे म्हणून. त्यातून उत्पन्न वाढतं, ही पुढची गोष्ट. आणि 'समानतेला अजून अमुक वर्षं लागतील' हे वाक्य वापरलंत तर समजावून सांगा. आर्थिक मंचाने 2023 मध्ये 131 वर्षं म्हटलं, 2024 मध्ये 134, 2025 मध्ये 123. ते भाकीत नाही. आजवरचा वेग पुढे सरळ ओढला तर काय येईल, एवढाच तो हिशोब आहे, म्हणून वेग थोडा हलला की वर्षं उड्या मारतात.

धीर सुटायला लागला की मी भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवर 1974 मध्ये अहवाल देणाऱ्या आपल्या समितीकडे वळते. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव, सोबत लोतिका सरकार, लीला दुबे. सरकारने नेमलेली समिती, आणि तिने सरकारलाच सांगितलं की 1901 मध्ये हजार पुरुषांमागे 972 असलेल्या स्त्रिया 1971 मध्ये 930 वर आल्यात. स्वातंत्र्यानंतर बायकांचं बरं चाललंय या समजुतीला त्या कागदाने तडा दिला. संगणक नव्हते. जनगणनेचे तक्ते होते आणि ते नीट वाचणारे डोळे होते.

प्रकाशनानंतरची कामं आधीच अंदाजपत्रकात धरा, नाहीतर ती होत नाहीत. ज्या भाषांत मुलाखती घेतल्या त्या प्रत्येक भाषेत चार पानी सारांश काढा आणि मुलाखती दिलेल्या गावांत जाऊन तो मोठ्याने वाचून दाखवा. मूळ आकड्यांची फाइल, नावं-गावं काढून, सर्वांना खुली करा. संकेतस्थळावर दुरुस्त्यांचं एक पान ठेवा आणि पहिलं वर्षभर दर सोमवारी ते उघडून पाहायची जबाबदारी एका व्यक्तीला नावानिशी द्या. आमच्या पानावर आठव्या महिन्यात एका तक्त्यातल्या उलट्या लागलेल्या दोन रकान्यांची नोंद आली. ती पाठवणारी आमच्या ओळखीची नव्हती, दूरच्या देशातली एक विद्यार्थिनी होती. पुढच्या आवृत्तीत आभारांत तिचं नाव आहे.