टर्बो गाडीत काय आधी, काय नंतर

टर्बो गाडी दारात उभी राहिली की आठवडाभरात कोणीतरी सांगतंच, "आधी रीमॅप मार, बाकीचं नंतर बघू." हा सल्ला साफ चुकीचा आहे. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं (ईसीयूमधलं) सॉफ्टवेअर, म्हणजेच मॅप, बदलून ताकद वाढवणं. रीमॅप स्वस्त पडतो, पटकन होतो आणि पहिल्याच दिवशी फरक जाणवतो, म्हणून तो सगळ्यांच्या तोंडी असतो. पण वाढलेल्या ताकदीची उष्णता कुठे जाणार, ती गिअरबॉक्सला पेलणार का आणि ताम्हिणीच्या उतारावर गाडी वेळेत थांबणार का, हे रीमॅप करणारा लॅपटॉप सांगत नाही. पुढचा बदल ज्या भागावर भार टाकणार आहे तो भाग आधी तयार हवा. सगळा क्रम यावरून ठरतो.

उदाहरणं ऑक्टेव्हिया व्हीआरएस आणि चाकणमध्ये बनणाऱ्या व्हर्टस-टायगुन १.५ टीएसआयची देतो. गाडी दुसरी असली तरी क्रम हाच.

१. गाडी मुळात धड आहे का ते बघा

सर्व्हिस वेळेवर झालेली आहे असं धरून चालतो. त्याशिवाय एक बूस्ट लीक टेस्ट (टर्बोने दाबलेली हवा, म्हणजे बूस्ट, कुठे गळते का ते बघणं) करून घ्या. इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) तोंडाला टोपी लावून बेताच्या दाबाने हवा भरायची आणि प्रत्येक होजच्या जोडावर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले की गळती सापडली. सैल क्लॅम्पमधून हवा निसटत असेल, तर ती भरून काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवा आणखी तापते. अशा गाडीवर रीमॅप करणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

२. टायर आणि ब्रेक

चांगले टायर, चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल. मोठे कॅलिपर लागत नाहीत. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाट उतरताना पेडल मऊ पडतं ते बहुतेकदा यामुळेच. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की बदला.

३. पेट्रोल आधी ठरवा

पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. ऑक्टेनचा आकडा जास्त, तेवढं पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटायला कठीण. २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने ते ज्या दहा शहरांत आणलं त्यांत पुणे होतं. म्हणून लोक हौसेने १०० चा मॅप करून घेतात आणि साताऱ्याच्या पुढे गेल्यावर मिळेल ते भरतात. रोजच्या गाडीचा मॅप ९५ वरच करा. खूप प्रवास करत असाल आणि ९५ सुद्धा मिळण्याची खात्री नसेल, तर साध्या पेट्रोलवर चालेल असाच मॅप मागा आणि ताकद थोडी कमी घ्या.

४. लॉग घ्या आणि उष्णता आवरा

लॉग म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद. लोक हाच टप्पा गाळतात. मीही इथे बराच काळ अडखळत होतो, कारण आकडे दिसायचे पण त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नव्हता. म्हणून सविस्तर सांगतो.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मुंबईपेक्षा इथल्या हवेचा दाब साधारण ६ टक्के कमी असतो. इंजिनात तेवढाच दाब तयार करायचा तर टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. त्यात एप्रिल-मे महिन्यांतलं ४० अंशांचं ऊन. ४० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली, तर ती टर्बोतून १३० ते १४० अंशांनी बाहेर पडते. ती थंड करणं हे इंटरकूलरचं काम. ते नीट झालं नाही तर सिलिंडरमध्ये नॉकिंगची (इंधन अवेळी, स्फोटासारखं पेटण्याची) शक्यता वाढते, ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी टाइमिंग मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि रीमॅपने दिलेली ताकद तिथेच जाते. दोन-तीन वेळा जोरात पळवल्यावर गाडी "सुस्तावली" असं लोक म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

हे रीमॅपच्या आधी, मूळ मॅपवरच बघायचं. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) लॉगर जोडा आणि पाच गोष्टी नोंदवा: इनटेकमधल्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं टाइमिंग, मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, लॅम्डा (आदर्श प्रमाणाच्या तुलनेत हवा किती) आणि फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब. एएफआरचा (हवा-पेट्रोल प्रमाणाचा) आकडा बघत बसू नका. शुद्ध पेट्रोलला १४.७ हे प्रमाण बरोबर, पण २० टक्के इथेनॉल मिसळलं की ते १३.५ च्या आसपास येतं. पेट्रोलच्या मापावर बसवलेला मीटर अशा वेळी दिशाभूल करतो. लॅम्डाला हा घोळ नाही. पेट्रोल कुठलंही असो, १ म्हणजे १.

जोरातले लॉग डायनोवरच (गाडी जागीच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत) नेलेली व्हीआरएस एक्सप्रेसवेच्या १०० किलोमीटरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते. रात्री दोन वाजता नवले पुलाच्या उतारावर लॉग घेणाऱ्यांना मी सरळ सांगतो, हे करू नका. तिथे आधीच पुष्कळ माणसं गेली आहेत. डायनोवर समोरचा पंखा मोठा आहे ना तेवढं बघा. पंखा टेबलावर ठेवण्याइतका असेल तर तापमानाचे आकडे खोटे चढतील.

एकापाठोपाठ तीन पुल (पाय पूर्ण दाबून एकाच गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत नेणं) घ्या, मध्ये फार थांबू नका. आता समजा, पहिल्या पुलला इनटेकचं तापमान ४५ आहे, तिसऱ्याला ६८. पहिल्याला टाइमिंग जेमतेम एक अंश मागे, तिसऱ्याला तिसऱ्या सिलिंडरचं पाच अंश मागे. हे पाच अंश तापमानामुळे की त्या सिलिंडरच्या दोषामुळे? मी अडखळायचो ते इथेच. उत्तर असं काढा: गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा एकच पुल घ्या. तोच सिलिंडर थंड असतानाही मागे येत असेल, तर प्लग किंवा कॉइल तपासा. चारही सिलिंडर फक्त तापल्यावर मागे येत असतील, तर इंटरकूलर कमी पडतोय. टाइमिंग दोन-तीन अंश इकडेतिकडे झाल्याने घाबरायचं कारण नाही. पाच-सहा अंश सातत्याने दिसले, तर त्या गाडीवर रीमॅप करायला माझा ठाम नकार असतो, ट्यूनर काहीही म्हणो.

दुसरा लॉग रस्त्यावरचा, पण शांतपणे घ्या. शेजारी कोणाला तरी लॅपटॉप देऊन बसवा आणि दुपारी जुन्या कात्रज घाटात ट्रकच्या मागे नेहमीसारखी गाडी चालवा. वेग कमी असतो आणि समोरून हवा येत नाही. इनटेकचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा किती वर जातं आणि रस्ता मोकळा झाल्यावर किती वेळात उतरतं, ते बघा. चांगला इंटरकूलर लवकर सावरतो. डायनोवर हे कळत नाही.

इंटरकूलर निवडताना "सगळ्यात मोठा" घेऊ नका. व्हीआरएसमध्ये तो रेडिएटरच्या रांगेत बसतो. जाडजूड कोअर (इंटरकूलरची आतली जाळी) लावला, तर मागे हवा कमी पोचते आणि मे महिन्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी मार खातो. मध्यम जाडीचा, फिन (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) नीट असलेला घ्या. १.५ टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याने थंड होतो, त्यामुळे तिथे बाहेरून मोठा बसवणं तितकं सोपं नाही. त्या गाडीत कूलंट, त्याचा पंप आणि रेडिएटरच्या फिनमध्ये अडकलेली धूळ बघा. चाकण-तळेगावच्या बाजूला रोज जाणाऱ्या गाड्यांत नुसतं हलक्या हाताने धुतल्यावरही फरक पडलेला मी बघितला आहे.

प्लग याच वेळी बदला. एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घ्या आणि गॅप थोडा कमी करून घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. दुकानातल्या माणसावर विसंबू नका, स्वतः वाचून घ्या. मग लॉग पुन्हा घ्या. तापमान आणि टाइमिंग जागेवर आलं की पुढे जा.

५. गिअरबॉक्सची मर्यादा, मग रीमॅप

१.५ टीएसआय २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. तिच्या सात गिअरच्या ड्राय-क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादाही २५० च आहे. म्हणजे कंपनीतून निघतानाच गाडी काठावर आहे. २०१७ च्या व्हीआरएसचंही तसंच: इंजिन ३५०, गिअरबॉक्स ३५०. व्हीआरएसमधला वेट-क्लच (ऑइलमध्ये बुडलेला) जास्त सोसतो, पण त्यालाही गिअरबॉक्सचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ड्राय-क्लचवाल्यांनी खालच्या आरपीएमवर टॉर्क हळूहळू चढवणारा मॅप मागावा. याने क्लच वाचतो आणि कमी आरपीएमवर होणाऱ्या प्री-इग्निशनचा (ठिणगीआधीच इंधन पेटण्याचा) धोकाही कमी होतो. वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबायची सवय मॅप कोणताही असला तरी सोडा.

ट्यूनरकडे आधीचे लॉग घेऊन जा. लॉग न बघता "आपली फाइल सगळ्यांना चालते" म्हणणाऱ्याकडून परत फिरा. थंड देशात, समुद्रसपाटीला बनवलेली फाइल मे महिन्यातल्या पुण्यात जशीच्या तशी चालत नाही.

६. उरलेलं

उघडा फिल्टर लावू नका. बोनेटखालची गरम हवाच आत जाते. बंपरमध्ये खाली उतरवलेला इनटेक तर पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेला डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) नको. प्रदूषण नियमांत बसत नाही आणि त्याच्या धुराचा वास मागच्या दुचाकीवाल्याला खावा लागतो. मोठा टर्बो म्हणजे फ्युएल पंप, क्लच आणि कधी कधी इंजिनाचे आतले भागही आले. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल कडक आहे. वॉरंटी जाऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. कुठलाही पार्ट मागवण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

रीमॅप झाल्यावर त्याच डायनोवर, तेच पेट्रोल भरून पुन्हा तीन पुल घ्या आणि जुन्या लॉगशेजारी ठेवून बघा. रेलचा दाब वरच्या आरपीएमला पडत असेल किंवा टाइमिंग पुन्हा मागे येत असेल, तर तिथल्या तिथे बूस्ट कमी करून घ्या. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे घेतल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका.